चिरंजीव चेन्नईस असतात

नाशिककडच्या कुठल्याही लग्नात 'आमचा मुलगा आयआयटीला असतो' हे वाक्य एका दमात येतं. 'मद्रासला' हा शब्द मागाहून, जरा खालच्या आवाजात, मठ्ठ्याचा घोट घेऊन झाल्यावर येतो. पवईची आयआयटी हुकल्याची खंत त्या घोटात असते. शहराचं नाव १९९६ मध्ये चेन्नई झालं, संस्थेने मात्र मद्रास सोडलं नाही. त्यामुळे आत्याबाई पुढची चार वर्षं 'आधी मद्रासला होता ना, मग चेन्नईला कधी गेला?' असं विचारत राहतात.

हे चिरंजीव दर जुलैमध्ये महाराष्ट्रातून रवाना होतात. सोबत दोन ट्रंका, एक प्रेशर कुकर (जो होस्टेलात चालत नाही), चकलीचा डबा, मेतकूट आणि एक छत्री. पुण्याहून गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल करत निघते. रायचूरपर्यंत खिडकीबाहेरचं जग थोडंफार कळतं, त्यापुढे पाट्यांची लिपी बदलते आणि रेणिगुंट्याच्या पुढे ती आणखी एकदा बदलते. शेवटी उतरायचं ते 'पुरट्ची तलैवर डॉ. एम. जी. रामचंद्रन सेंट्रल' या स्टेशनात. २०१९ मध्ये मिळालेलं हे नाव वाचून होईस्तोवर हमालाने ट्रंक उचललेली असते.

छत्रीचा उपयोग शून्य. जुलैत इथे घाम गळतो. चेन्नईचा खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. ज्या दिवसांत नाशिकला स्वेटर बाहेर पडतात, त्या दिवसांत चिरंजीव गुडघाभर पाण्यातून चप्पल हातात धरून चाललेले असतात. २०१५ च्या डिसेंबरातला पूर आणि पुढच्याच वर्षीचं वरदा चक्रीवादळ यांच्या गोष्टी सीनिअर अशा सांगतात की नव्या मुलाला ते सगळे पोहून पदवीधर झाले असावेत असं वाटतं. दुसऱ्या पावसापर्यंत चिरंजीवही प्रदीप जॉन या 'तमिळनाडू वेदरमन'चे भक्त झालेले असतात आणि आईला फोनवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी देतात. आई विचारते, 'तो पट्टा राहू दे, जेवलास का?'

होस्टेलांना नद्यांची नावं आहेत. मुलाला 'गोदावरी' मिळालं हे कळल्यावर आईचे डोळे भरून येतात आणि ती रामकुंडावर जाऊन नारळ फोडून येते. आवार मोठं, अडीचशे हेक्टरांच्या आसपास, गिंडीच्या जंगलातून कोरून काढलेलं. त्यामुळे लेक्चरला जाताना चितळ आडवं येतं, काळवीट दिसतं आणि माकडं खिडकीतून आत येतात. चकलीचा डबा पहिल्या आठवड्यात संपतो तो मित्रांमुळे नव्हे.

या आवारात एक बॉन अ‍ॅव्हेन्यू आहे. १९५९ मध्ये संस्था उभी राहिली ती पश्चिम जर्मनीच्या मदतीने, त्याची ही खूण. आजही जर्मनीहून विद्यार्थी येतात. चिरंजीवांचा खरा जळफळाट इथे सुरू होतो. जर्मन पोरगा परदेशी. सहा महिन्यांहून जास्त मुक्काम असला की चौदा दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयाकडे नाव नोंदवायचं, तसा त्याच्याकडे कागद असतो. तो हरवला तर लोक हाताला धरून पोचवतात, 'वणक्कम' म्हणाला तर टाळ्या पडतात. चिरंजीव भारतीय नागरिक, त्यांच्याकडे आधार कार्ड. त्यांनी 'वणक्कम' म्हटलं की समोरचा थेट तमिळमध्ये सुरू होतो, आणि 'तेरियादु', म्हणजे 'ठाऊक नाही', म्हटलं की असा बघतो की इतकी वर्षं या देशात काय करत होतास? परदेशी असण्याचे सगळे हाल, आणि कौतुक छदामाचं नाही.

हिंदीचा भरवसा असतो, तो स्टेशनाबाहेरच्या रिक्षापाशी संपतो. रिक्षावाला हिंदी समजतो, पण तिच्यात भाव विचारला तर शंभर रुपये जास्त सांगतो. सरकारने २०१३ मध्ये पहिल्या १.८ किलोमीटरला पंचवीस रुपये ठरवून दिले, ही माहिती चिरंजीवांनी घरूनच पाठ करून आणलेली असते. ती ऐकून रिक्षावाला मनापासून हसतो. त्या हसण्याला भाषा लागत नाही.

पण खरी परीक्षा केळीच्या पानावर. अड्यारच्या एखाद्या 'मील्स' हॉटेलात चिरंजीव बसतात. भात येतो, त्यावर सांबार. आपल्याकडे वरणभात हा जेवणाचा नमस्कार, पोळ्या नंतर, म्हणून ते चार घास खाऊन पोळीची वाट बघतात. पुन्हा भात येतो, त्यावर रसम. ते थांबतात. तिसऱ्यांदा भात, त्यावर ताक. पोळी येत नाही. शेजारचे गृहस्थ बोटं चाटत उठलेले असतात. तेवढ्यात वाढपी बादली घेऊन येतो, चिरंजीव रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरून, नुकताच शिकलेला 'पोदुम' म्हणतात आणि आग्रहाची वाट पाहतात. वाढपी निघून जातो! नाशिकला 'नको' म्हटल्यावर निदान दोन डाव पानात पडतात. इथे 'पुरे' म्हणजे पुरे. त्या रात्री मेतकुटाची बाटली उघडते.

अपमान झाला की मराठी माणूस इतिहासात शिरतो. मेसच्या टेबलावर चिरंजीव जाहीर करतात की सांबार मूळचं आपलं: तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, चिंच घातली, पाहुणे आले होते संभाजीराजे, त्यांच्यावरून नाव पडलं. ही आख्यायिका आहे, पुरावा नाही. पण आख्यायिका सांगताना त्यांचा आवाज पुराव्याचा असतो. मदुरैचा रूममेट शांतपणे 'सेरी दा', म्हणजे 'बरं रे', म्हणतो आणि सांबार ओरपतो. मग चिरंजीव जॉर्ज टाऊनमधल्या काळिकांबाळ देवळावर येतात, जिथे १६७७ मध्ये शिवाजी महाराज दर्शनाला येऊन गेले असं देऊळच सांगतं. शेवटचा हुकमाचा पत्ता रजनीकांत.

या पत्त्याला उत्तर नसतं, कारण शिवाजीराव गायकवाड हा बेंगळुरूच्या मराठी घरातला बस कंडक्टर १९७३ मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आला, हे तमिळनाडूत कोणी नाकारत नाही. के. बालचंदर यांनी त्याला तमिळ शीक म्हणून सांगितलं, १९७५ मध्ये 'अपूर्व रागंगळ' आला. रूममेट इतकंच म्हणतो, 'तो तमिळ शिकला.' त्यानंतर चिरंजीव काही दिवस इतिहास काढत नाहीत.

ट्रिप्लिकेनला एखादे रावसाहेब भेटतात. तंजावरी मराठी घराणं. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, भाषा घरात टिकली. ते चिरंजीवांना जेवायला बोलावतात. त्यांची मराठी ऐकताना चिरंजीव गालातल्या गालात हसतात. रावसाहेब मात्र गंभीरपणे बायकोला सांगतात की महाराष्ट्रातल्या मुलांची मराठी फार बिघडली, निम्मी हिंदीच बोलतात.

बदल कधी झाला ते नेमकं सांगता येत नाही. बहुधा दिवाळीत. सुट्टी एका दिवसाची, घरी जाणं अशक्य. रूममेटच्या मामाकडे पहाटे तिळाच्या तेलाने अभ्यंग होतं आणि घरातलं प्रत्येक माणूस 'गंगास्नानम आच्चा?', म्हणजे 'गंगास्नान झालं का?', असं विचारतं. नंतर पोटासाठी लेहियमची काळी गोळी. मामी विचारते, तुमच्याकडे पण पहाटेच आंघोळ? चिरंजीव तावातावाने हो म्हणतात आणि नकळत लेहियम दुसऱ्यांदा मागतात.

पुढे गोष्टी भराभर घडतात. पितळी डबरा-टंबलर येतो. फिल्टर येतो. कॉफीत चिकोरी किती टक्के असावी यावर मत तयार होतं, आणि मत तयार झालं की मराठी माणसाला ते स्वतःपाशी ठेवता येत नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून गदारोळ झाला आणि जूनअखेर सरकारने शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा चिरंजीव वडिलांना फोनवर म्हणाले, 'आमच्याकडे हा प्रश्न १९६८ मध्येच मिटला.' वडिलांनी विचारलं, 'आमच्याकडे म्हणजे?' पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

सुट्टीत घरी आलेले चिरंजीव हा वेगळाच प्राणी असतो. काकांनी 'मद्रासी' म्हटलं की पाच राज्यं आणि चार भाषा यांवर व्याख्यान होतं. ऐकणारे केळवणाचं ताट धरून बसलेले असतात, म्हणून कोणी उठत नाही. 'इथला डोसा म्हणजे भाजलेला पुठ्ठा,' असं ते डोसा संपवून झाल्यावर सांगतात. पुण्यात तर एका हॉटेलात सांबार गोड लागलं म्हणून त्यांनी वाटी परत पाठवली आणि काउंटरवरच्या शेट्टींना अस्खलित तमिळमध्ये सुनावलं: चिंच कुठे, हिंग कुठे, गूळ कशाला. सगळं कुटुंब अभिमानाने बघत होतं. उडुपीहून येऊन पुण्यात केस पांढरे केलेल्या त्या शेट्टींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि चिरंजीवांच्या वडिलांकडे वळून म्हणाले, 'काका, मुलगा परदेशात असतो का?'