आंबेनळीत फुस्स

मुंबई-गोवा महामार्ग सोडून पोलादपूरहून महाबळेश्वरकडे वळलं की आंबेनळी घाट लागतो. जवळजवळ साडेतेराशे मीटर उंची गाठायची, म्हणजे गाडीचा आणि गाडीतल्या नात्यांचा कस लागतो. भाऊजींची डिझेल गाडी सपाटीला शहाण्यासारखी चालली होती. चढ सुरू होताच बॉनेटखालून ‘फुस्स’, मागे काळा धूर आणि पिकअप गायब! मागून आलेली एसटी आम्हांला ओलांडून गेली. कंडक्टरनं खिडकीतून हात जोडले.

काका म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ. आत्याच्या मते गाडीत वजन जास्त. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. भाऊजींनी शहरातल्या एका गॅरेजला फोन लावला. गाडी न पाहताच निकाल आला : “टर्बो गेला. अख्खा बदला.” किंमत ऐकून भाऊजींचाच बूस्ट उतरला. १६५९ साली अफझलखान हत्ती-घोड्यांसह याच भागातल्या जावळीच्या खोऱ्यात उतरला होता; आम्हांला लोणच्याच्या बरण्यांसह चढता येईना.

शेवटी गाडी वळवली. पोलादपूरपर्यंतच्या उतारावर ती अशी पळाली, की काकांनी भेसळीचा आरोप मागे घेतला.

पोलादपूरच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी धुराची चौकशी केली. “काळा ना? मग डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. टर्बो कमावतोय हो, पण पगार घरी येत नाही.” आत्यानं भाऊजींकडे पाहिलं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंच्या जोरावर टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो, हवा दाबतो आणि इंटरकूलरमधून इंजिनात ढकलतो. ती वाटेतच कुठे निसटते, ते शोधायचं होतं.

एअर फिल्टर ठीक. व्हॅक्युमची बारीक नळी ठीक. मग इंटरकूलरच्या होजखाली तेलकट डाग दिसला. टर्बोमधून हवेबरोबर थोडं तेल येतं, ते गळतीपाशी चुगली करतं. वरून धडधाकट दिसणारा होज मिस्त्रींनी वाकवला, तशी क्लिपजवळची चीर उघडली. एरवी ती मिटलेली असायची. दाब आला की तोंड उघडायची. फाटका काठ कापला, होज पुन्हा बसवला, क्लिप आवळली. मिस्त्रींनी सांगितलेले पैसे इतके कमी होते, की भाऊजींनी संशयानं पुन्हा बॉनेट उघडलं.

तेव्हा वाचकहो, टर्बो गाडीची ओढ गेली तर आधी फिल्टर, होज, क्लिपा आणि व्हॅक्युमच्या नळ्या तपासा. टर्बोवर शेवटी या. आणि फोनवरून निदान करणाऱ्याला विचारायचंच असेल, तर उतारावर विचारा. तिथे सगळ्यांच्याच गाड्या चांगल्या चालतात.