मुक्काम मुंबई, कलमे बावीस

प्रवास करण्यापेक्षा प्रवासाची तजवीज करण्यातच ज्यांच्या जिवाला खरे समाधान लाभते, अशा गृहस्थांचा एक वर्ग आपल्याकडे, त्यातही पुण्याच्या पेठांतून, फार पूर्वीपासून सुखाने नांदत आला आहे. माझे चुलते तात्या हे या वर्गाचे भूषण होत. महसूल खात्यात पस्तीस वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली. परंतु खुर्चीने काही त्यांना सोडले नाही. जी गोष्ट कागदावर आली नाही ती घडलीच नाही, आणि जी कागदावर आली ती पुढे घडली नाही तरी फारसे बिघडत नाही, हा कचेरीतला सिद्धांत त्यांनी संसारालाही लागू केला आहे. त्यांच्या लेखी प्रवास पुरा होतो तो टिपणाखाली सही पडते त्या क्षणी. पुढे गाडीत बसून त्या गावी जाणे ही निव्वळ स्थळपाहणी.

दिवाळीच्या सुटीत मुलांना दोन दिवस मुंबई दाखवून आणण्याचा ठराव घरात गणपतीतच मंजूर झाला, आणि तात्यांना तेवढीही मुदत अपुरी वाटली. प्रथम त्यांनी वार मुक्रर करण्याचे काम हाती घेतले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद आणि राणीचा बाग बुधवारी बंद, म्हणून ते दोन वार प्रारंभीच बाद झाले. "मग मंगळवार?" मी भीत भीत विचारले. "आणि त्याला जोडवार कोणता देतोस? अलीकडे सोमवार, पलीकडे बुधवार! दोन बंद दारांमधला बोळ आहे तो." शनिवार-रविवार गर्दीमुळे गेले, शिवाय रविवारी लोकलगाड्यांचा मेगाब्लॉक, आणि हा शब्द तात्या जुनी माणसे प्लेगचा उच्चार करीत त्या स्वरात उच्चारतात. उरले गुरुवार आणि शुक्रवार. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँच बंद ठेवतात, या माहितीचा दिवाळीतल्या प्रवासाशी काडीमात्र संबंध नव्हता. तरीही "दफ्तरी नोंद असावी" म्हणून ती टिपणाच्या पहिल्याच पानावर विराजमान झाली.

खरी अडचण वारांची नव्हती, वयांची होती. तात्यांची थोरली नात चौदा वर्षांची, नातू तेराचा आणि माझे चिरंजीव बारा वर्षे दोन महिन्यांचे. रेल्वेच्या लेखी बारा वर्षे पूर्ण झालेला मनुष्य प्रौढ, त्याला अर्धे तिकीट नाही. आमच्या काकूंच्या लेखी तो अद्याप टाळूवर तेल घालण्याच्या योग्यतेचा. आणि स्वतःच्या लेखी तो केवळ सर्वज्ञ. जुन्या सुभाषितकाराने पाच वर्षे लाड, पुढली दहा वर्षे ताडन आणि सोळाव्यापासून मैत्री, अशी चोख वाटणी करून ठेवली आहे खरी. परंतु ताडनाचे कलम हल्ली रद्दबातल झालेले आणि मैत्रीची मुदत अजून सुरू न झालेली, अशा बेवारस प्रदेशात ही मुले उभी असतात. रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरावा तर त्यांचा अपमान होतो, न धरावा तर आपला जीव जातो. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट पाहायचा का, असे विचारले असता त्या तिघांनी एकमेकांकडे अशा काही दृष्टीने पाहिले, की विचारणाऱ्याने स्वतःच त्या बुटात जाऊन दार लावून घ्यावे. आणि तरीसुद्धा तेथे नेले नाही, तर हीच मुले विसाव्या वर्षी "आम्हाला तर बूटसुद्धा दाखवला नाही" म्हणून गाऱ्हाणे मांडणार, हे मी लिहून देतो.

तात्यांनी तिघांचे स्वतंत्र जबाब नोंदवून घेतले. नातवाला लोकलच्या दारात उभे राहायचे होते. माझ्या मुलाला पेंग्विन पाहायचे होते आणि दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसायचे होते. थोरलीने मोबाइलमधली मान वर न करता "काहीही चालेल" असे सांगितले. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडचे "काहीही चालेल" यापेक्षा भयंकर वाक्य मराठी भाषेत नसावे. तात्यांनी मात्र त्यापुढे "हरकत नाही" असा शेरा मारला आणि तारखेसह सही केली.

अखेर टिपण तयार झाले. सहा फुलस्केप पाने, बावीस कलमे, आणि कलमांच्या पोटात पोटकलमे. प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत पडली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांचे कलम होते. त्यावर मुलांनी बंड पुकारल्यामुळे, गुरुवारी रात्री एक वेळ पिझ्झा आणि त्याच्या मोबदल्यात गाडीत दशम्यांकडे पाहून तोंडे वाकडी न करणे, असा तहनामा जोडावा लागला. स्वच्छतागृहाच्या कलमात "इच्छा असो वा नसो" हे शब्द अधोरेखित होते. चौदावे कलम "पुतण्याचा चहा, मिनिटे ८" असे होते. पुतण्या म्हणजे मी. आणि सतराव्या कलमात, ज्याला मी तात्यांच्या प्रतिभेचे शिखर समजतो, असे लिहिले होते: "स्वैर वेळ, ४.१० ते ४.२५ (वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली)."

दख्खनची राणी १ जून १९३० रोजी पहिल्यांदा धावली, आणि तेव्हापासून ती आपल्याला मागे टाकून निघून जाण्याची संधी शोधीत आहे, असा तात्यांचा दृढ समज असल्यामुळे, सव्वासातच्या गाडीसाठी आम्ही सव्वासहालाच फलाटावर हजर होतो. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी मुंबईत पोचली, आणि ती वेळेवर पोचल्याचे श्रेय तात्यांनी विनासंकोच आपल्या खाती जमा केले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेल्या आणि बांधायला सुमारे दहा वर्षे लागलेल्या त्या स्टेशनाला टिपणात पंधरा मिनिटे दिलेली होती, म्हणजे दर वर्षाला दीड मिनिट. तात्या युनेस्कोपर्यंत, म्हणजे २००४ सालापर्यंत, पोचले असतील-नसतील, तोच नातवाला फाटकाच्या खांबांवरचे दगडी सिंह आणि वाघ दिसले. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान, एवढे तात्यांनी सांगायला आणि दोघांची झुंज लागली तर कोण जिंकेल यावर वाद पेटायला एकच गाठ पडली. माझा मुलगा सिंहाच्या बाजूने बोलल्यामुळे त्याच्या देशनिष्ठेवर संशय घेण्यात आला. पुढचे कलम अकरा मिनिटे उशिरा सुरू झाले.

गेटवे ऑफ इंडिया आणि वस्तुसंग्रहालय या दोन्ही वास्तू जॉर्ज विटेटच्या, आणि दोन्ही एकमेकींपासून पायी दहा मिनिटांवर. ही सोय त्या साहेबाने आपलेच टिपण डोळ्यांपुढे ठेवून केली असावी, असे तात्यांना वाटते. संग्रहालयाची इमारत १९१४ साली उभी राहिली, पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी रुग्णालय झाले, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली, हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर जे वात्सल्य उमटले, ते सरकारी कामाचा विलंब आतून पाहिलेल्या मनुष्याच्याच मुद्रेवर उमटू शकते. मुलांनी अकबराच्या चिलखताला चार मिनिटे दिली आणि तळघरातल्या कुठल्याशा कुलपाच्या दाराला सहा. दुपारी लोकलने भायखळ्याला गेलो. तिसरेच स्टेशन ते. दारात उभे राहण्याची नातवाची मागणी तात्यांनी फेटाळली, आणि स्वतः मात्र मसजिदपासूनच दार अडवून उभे राहिले. पेंग्विन पाहताना माझ्या मुलाची समाधी लागली, ती उतरेपर्यंत सतरावे कलम आपोआप निकालात निघाले.

राणीच्या बागेतला एक दगडी हत्ती तात्यांनी आग्रहाने दाखवला, आणि शुक्रवारी सकाळी लाँचमधून तासभर हेलकावे खाऊन व सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढून घारापुरीला गेल्यावर त्याचे रहस्य उलगडले. हा हत्ती मूळचा इथला. त्यालाच पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. हत्ती गुरुवारी आणि बेट शुक्रवारी, ही जुळणी करण्यासाठी तात्यांनी भाद्रपदातल्या दोन रात्री जागवल्या होत्या. तेव्हा दोन दिवसांत प्रथमच थोरलीने मान वर केली आणि विचारले, "मग आजोबा, तो हत्ती परत इथे का आणून ठेवत नाहीत?" तात्या काही क्षण त्रिमूर्तीच्या त्या वीस-फुटी गंभीर मुखांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फाईल कुठेतरी अडली असेल."

परतीची गाडी पाच-दहाची. कर्जत मागे पडले, घाट सुरू झाला, धाकटे दोघे डोकी टेकून झोपले, आणि थोरलीने आपला मोबाइल मुकाट्याने आजोबांच्या हाती दिला. त्यावर एक तक्ता होता. बावीसही कलमे क्रमवार. प्रत्येकापुढे टिपणातली वेळ, प्रत्यक्ष लागलेली वेळ, फरक, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. दोन दिवस ती मान खाली घालून काय करीत होती, याचा उलगडा तेव्हा झाला. एकूण विलंब एक तास बावन्न मिनिटे. पैकी वाघ-सिंह अकरा, पेंग्विन छत्तीस, काकांचा चहा सोळा, आणि "आजोबांचे माहिती सांगणे" एकोणपन्नास. तात्यांनी चष्मा पुसून तो तक्ता पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचला, बेरीज बोटांवर पडताळून पाहिली. ती बरोबर निघाली. लोणावळा आले तरी ते बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "स्थळप्रत कोणाकडे?"

"सगळ्यांना पाठवली आहे, आजोबा."

मे महिन्यात दोन दिवस कोल्हापूरला जायचे ठरले आहे. टिपण थोरली करीत आहे, तात्या केवळ सल्लागार आहेत, आणि तिच्या पहिल्या मसुद्यात माझ्या चहाला सहा मिनिटे आहेत.