बसून केलेली वारी

पुण्याहून नारायणगडाला सायकलनं जायचं ठरलं आणि ज्याला त्याला सांगेपर्यंत लोकांनी आम्हाला जुन्नरला धाडायला सुरुवात केली. नारायणगावजवळ, खोडदच्या त्या अवाढव्य दुर्बिणींच्या बाजूला नारायणगड नावाचा किल्ला आहे. पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या लेखी नारायणगड तेवढाच. आमचा गड बीडचा, नगद नारायण महाराजांचा, धाकटी पंढरी म्हणवणारा. 2024 च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटलांचा मेळावा तिथं झाला तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर तोच होता. तरी आमच्या ग्रुपवरचे एक काका निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत "नारायणगावची मिसळ सोडू नका" म्हणून बजावत होते.

सायकलची हौस माझी, नवस आईचा. नवस कसला, ते तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "नगद नारायण आहेत ते. तिथं उधारी ठेवू नये."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. नोकरीतली निम्मी वर्षं तिनं शिरूर-पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांवर लेडीज सायकल दामटली. त्यामुळे माझ्या तयारीचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. गिअरची सायकल, हेल्मेट, नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ, सगळं तिनं सोडून दिलं. पॅडवाली चड्डी मात्र हातात घेऊन दाबून पाहिली. "आतून गादी शिवलीय होय? मग दमायचं कशानं?" तिची स्वतःची तयारी म्हणजे कॅरिअरला बांधलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खोचलेला पदर.

शिरूरला चहा घेताना टपरीवाल्यानं विचारलं, कुठं? आई म्हणाली, नारायणगड, शिरूरच्या पुढं. "मग आलंच की शिरूर!" त्यानं आमचं अभिनंदनच केलं. हे घोडनदीचं शिरूर. आमचं शिरूर कासाराचं, नगर आणि पाथर्डी ओलांडून सिंदफणेच्या काठावर. आईनं त्याला बाकावर बसवून दोन्ही शिरूरं फोडून शिकवली. उजळणी झाल्यावर त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. शिकवणीचे आईनंही घेतले नाहीत.

नगरच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर, जुन्या पाट्यांवर अहमदनगर, आणि रस्ता विचारला की जो तो सांगणार नगरच. पुढं पाथर्डी रस्त्याला डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. नाव चांदबिबीचं, आत कबर सलाबतखानाची. ही माहिती मी आईकडून दोनदा वदवून घेतली, कारण चढ लागला की मला इतिहासाची फार गोडी वाटायची. करंजी घाटात उतार आला, मी हात सोडून गाणं म्हणायच्या बेतात, तर आई खाली उतरून सायकल हातात धरून चाललेली. म्हणाली, "उतार फुकटचा असतो. फुकटचं अंगी लागत नाही." घाटाच्या पायथ्याशी मी अर्धा तास तिची वाट पाहिली आणि तेवढ्यात दोन दशम्या संपवल्या.

पाथर्डीच्या पुढं बाभळीच्या काट्यानं माझं मागचं चाक बसवलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथं काडी टोचून खूण केली, कानसीनं घासलं, सुलोचन लावलं, फुंकर मारली, चकती बसवून ठोकली. इथवर सगळं थाटात चाललं होतं. हवा भरायला नळी घेतली, तर ती माझ्या वॉल्ववर बसेना. परदेशी बारीक वॉल्व. "ही कुणाची आयडिया?" त्यानं मलाच विचारलं. माझा खिशातला पंप काढून मी दोनशे वेळा हात मारला. तेवढ्या वेळात त्यानं आईच्या चाकांत हवा भरली, चेनला तेल सोडलं आणि ती आपल्या मावशीच्या शाळेतली बाई निघाल्यामुळे पाया पडून झालं.

खरवंडीजवळ भगवानगड. भगवानबाबा आधी नारायणगडावर असत. तिथून येऊन त्यांनी हा गड उभारला, आणि 1958 साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मला थेट पुढं जायचं होतं. पण वाटेतला गड टाळून पुढचा गाठायचा म्हणजे मामाच्या दारावरून मावशीकडे जाण्यासारखं, असं आईचं मत पडलं. मान्य केलं, कारण तिथं पंख्याखाली बसायला मिळालं.

दिवाळी नुकतीच सरलेली. समोरून ऊसतोडीच्या ट्रॉल्या पश्चिमेकडे चाललेल्या. भांडी, सरपण, शेळी, त्यावर पोरं. एका हॉटेलापाशी ट्रॉली थांबलेली. एका बाईनं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"पुण्याहून सायकलवर? मुकादम किती देतो?"

"मुकादम नाही. आपल्याच पैशानं."

"उचल तरी घेतली असंल?"

नाही म्हटल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बीडच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या अख्ख्या कोयत्याला माझी कीव आली. आईनं विषय बदलून पोरांची शाळा काढली. थोरलीला गावात हंगामी वसतिगृहात ठेवलं होतं, धाकटा राहत नाही म्हणून बरोबर घेतला होता. आईनं त्याच्याकडून तिथंच बेचा पाढा म्हणून घेतला. बे साती चौदाला तो अडला, तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला. पुढचा पाढा आई ट्रॉलीमागं चालत ओरडून सांगत राहिली.

गडाचा चढ मी मान खाली घालून काढला. बाजूच्या उतारावर सीताफळी. भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळ ते हेच, पण डोळा उघडलेलं एकही लोकांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. दर्शन झालं, आई बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली, व्यवहार चुकता झाला.

पंगतीत शेजारी पांढऱ्या टोपीतले म्हातारबा. दर आषाढीला गडाच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जाणारे.

"कुठून आलाव?"

"पुण्याहून. सायकलवर." आणि मी कौतुकासाठी जरा जागा सोडली.

"म्हंजे बसून आलाव."

आई खाली मान घालून हसायला लागली. म्हातारबांचं समाधान झालं नव्हतं. "बीडला रेल्वे यावी म्हणून आमच्या तीस वर्षं चपला झिजल्या. 17 सप्टेंबरला आली एकदाची. नगरहून थेट बीड. आन् तुमी नगरहून सायकल मारीत आलाव?"

"जाताना रेल्वेनंच जाणार," आई म्हणाली. मग माझ्या गिअरच्या सायकलीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "तुमचा नातू उंचीनं केवढा आहे?"