अनुभववती

एकदा प्रसूत झालेली स्त्री त्या एका प्रसूतीविषयी अधिकारवाणीने बोलू शकते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तेवढ्या भांडवलावर परिचयातील यच्चयावत गर्भवतींची मुखत्यारी आपणाकडे चालत आली आहे असे मानणारी जी एक स्त्री पुण्यासारख्या शहरात दर दोन-तीन गृहसंकुलांमागे हटकून आढळते, तिचे यथास्थित वर्णन माझ्या तरी वाचनात आलेले नाही. आमच्या संकुलातील या विदुषीस तिच्याहून वयाने वडील असलेल्या बायकाही ताई म्हणतात. ताईंची स्वतःची प्रसूती एकच, आणि तीही, त्यांच्या यजमानांनी एकदा दबल्या आवाजात मजपाशी कबूल केल्याप्रमाणे, अगदी सरळ झाली. दुपारची जेवणे आटोपून मंडळी रुग्णालयात गेली आणि दिवेलागणीस पेढे आणायला माणूस धाडावा लागला. परंतु यजमानांच्या साक्षीला त्या दरबारात किंमत नाही. ताईंच्या निवेदनात त्या कळा पहिल्या वर्षी आठ तासांच्या होत्या, कन्या बालवाडीत गेली तेव्हा चौदा तासांच्या झाल्या, आणि आता ती चौथीत असताना त्यांनी अहोरात्राची मर्यादा ओलांडली आहे. मधल्या काळात मुसळधार पाऊस, मुठेला आलेले पाणी, बुडालेला भिडे पूल आणि अर्ध्या वाटेत बंद पडलेली रिक्षा ही मंडळीही कथेत येऊन स्थायिक झाली. कन्येचा वाढदिवस मार्च महिन्यात असतो, हा विषय श्रोत्यांपैकी कोणी काढीत नाही.

एखाद्या मैत्रिणीस दिवस गेल्याची वार्ता तीन महिने गुप्त ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ताईंना ती डबा उघडताना मुरडलेल्या नाकावरूनच कळते, आणि पुष्कळदा नवऱ्याच्या आधी कळते. मग शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून जी तारीख निघते ती ताई दिवाणी दाव्याच्या तारखेप्रमाणे मुक्रर करून टाकतात. नेमक्या त्या दिवशी जन्मास येणारी बालके शंभरात चार-पाचच असतात, असे एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या निदर्शनास आणले, तेव्हा “बाकीच्यांच्या घरी शिस्त नसेल,” एवढा शेरा मारून त्यांनी ते प्रकरण निकालात काढले.

परंतु ताईंच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे प्रसूतीचा आराखडा. ही कल्पना १९८०च्या सुमारास अमेरिकेत पेनी सिमकिन प्रभृतींनी रूढ केली, आणि तिच्यामागचा हेतू मोठा समंजस होता; ऐन वेळी जिला बोलण्याचे भान राहणार नाही तिची इच्छा आधीच कागदावर उतरलेली असावी, इतकेच त्यात अभिप्रेत होते. संकुलातल्या आमच्या एका मैत्रिणीच्या वेळी तो ताईंच्या हाती येताच त्या कागदाला तहनाम्याचे स्वरूप प्राप्त झाले. दिवे मंद असावेत, नाळ तत्काळ कापू नये, बाळ पुसून प्रथम आईच्या उराशी द्यावे, ही कलमे वैद्यकासही मान्य होण्याजोगी आहेत, आणि मला स्वतःला ती आवडली; खरा विस्तार होता तो पतीविषयक प्रकरणात. पतीने कोठे उभे राहावे, पाठ कोणत्या हाताने चोळावी, विनोद करू नये, भ्रमणध्वनीकडे पाहू नये, “आमच्या आईचं घरीच झालं होतं” हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नये, आणि मूर्च्छा येणारच असेल तर ती दाराबाहेर जाऊन यावी, असा साडेतीन पानांचा बंदोबस्त होता. जिचे बाळंतपण तिच्या वाट्याला या मसुद्यात सहीपुरती जागा उरली होती.

त्या मैत्रिणीच्या डोहाळजेवणाची सूत्रेही ओघानेच ताईंकडे आली. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सारे यथासांग झाले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा १९९४ साली झाला आणि डॉक्टरांच्या तोंडांना कुलूप लागले, ते योग्यच झाले. पण झाकलेल्या वाट्यांखालचा पेढा आणि बर्फी यांच्यावर त्या कायद्याचे समन्स अद्याप बजावले गेलेले नाही. ताईंनी सुधारकी बाण्याने दोन्ही वाट्यांखाली बर्फीच ठेवली. सासूबाईंनी हळूच दुसरी वाटी उचलून पाहिली, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही असा त्यांचा आजतागायत समज आहे. साताऱ्याहून आलेल्या मैत्रिणीच्या आईशी मात्र ताईंचा तह होऊ शकला नाही. अळिवाचे लाडू मंजूर झाले, डिंकाचे मंजूर झाले. बाळाला धुरी देण्याचा प्रश्न निघताच, धुराने कोवळी फुप्फुसे बिघडतात असे ताईंनी बजावले, त्यावर आई “बरं बाई” म्हणाल्या आणि वेखंड-ओव्याची पुरचुंडी पिशवीच्या तळाशी सरकवून मोकळ्या झाल्या.

या मैत्रिणीने एका सरकारी रुग्णालयात नाव घातले होते, कारण तेथील प्राध्यापिकेच्या हातावर तिचा विश्वास होता. कळा देताना अखंड सोबत असेल तर शस्त्रक्रियेची पाळी कमी वेळा येते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे, आणि केंद्र सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत अशी एक सोबतीण जवळ ठेवण्यास मुभा दिली आहे. तिच्यासाठी अटी अशा, की ती स्वतः प्रसूतीतून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, अखेरपर्यंत थांबण्याची तयारी असावी, कर्मचाऱ्यांच्या कामात आणि उपचारांत तिने ढवळाढवळ करू नये, आणि कक्षातील अन्य स्त्रियांकडे लक्ष देऊ नये. पहिल्या तीन अटी जणू ताईंना समोर बसवून लिहिल्या होत्या. उरलेल्या दोन, त्यांना ओळखणाऱ्या कोणीतरी सूडबुद्धीने घातल्या असाव्यात.

कक्षात खाटा अनेक, म्हणून पुरुषांना मज्जाव, आणि त्यामुळे साडेतीन पाने उंबरठ्यावरच रद्दबातल झाली. त्या पानांचा नायक माझ्याशेजारी बाकावर बसून रात्रभर दाराकडे पाहत होता. आतला वृत्तान्त मला पुढे माझ्या पत्नीमार्फत कळला. मोजून मापून शिकवलेला श्वासोच्छ्वास मैत्रिणीने मध्यरात्रीपूर्वीच टाकून दिला, आणि ताईंनी मंद दिव्यांचा विषय काढताच त्यांना अशा शब्दांत गप्प केले की ते शब्द पत्नीने मलाही पूर्ण सांगितले नाहीत. ताई खरोखरच गप्प झाल्या. मसुदा पिशवीत राहिला. तळहाताचा मनगटाकडचा भाग मैत्रिणीच्या कंबरेवर दाबून धरीत, प्रत्येक कळेबरोबर दाब वाढवीत आणि ती ओसरली की पाण्याचा घोट देत, त्या पहाटेपर्यंत उभ्या होत्या. शेजारच्या खाटेवर वेल्ह्याकडची एक पोर होती. तिच्या सासूची एसटी चुकलेली. तिने दोन वाजता ताईंच्या ओढणीचे टोक धरले ते सोडले नाही. परिचारिका येऊन करड्या आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही कोणाच्या सोबतीला?”

“दोघींच्या,” ताई म्हणाल्या, आणि नियमावलीकडे बोट दाखवण्याऐवजी त्या माउलीने त्यांना बसायला एक स्टूल आणून दिले.

वेल्ह्याची पोर आधी मोकळी झाली, आणि तासाभराने आमची मैत्रीण, दोन्हीकडे मुली. सकाळी बाहेर आल्यावर ताईंनी पहिला प्रश्न तारखेचा केला आणि बाळ दोन दिवस आधी आल्याबद्दल बापाकडे कठोर नजरेने पाहिले. तूर्त संकुलातल्या दुसऱ्या एका मैत्रिणीसाठी नवा मसुदा तयार होत आहे. तो बराच आटोपशीर आहे, असे ऐकतो. मात्र पाठ दाबणाऱ्या बाईस दर चार तासांनी चहा मिळावा, असे एक कलम त्यात नव्याने दाखल झाले असून तो बाहेरून आणून देण्याची जबाबदारी पतीवर टाकलेली आहे. पतीवर्गास त्या साऱ्या दस्तऐवजात आता एवढेच काम उरले आहे, आणि साखर किती घालावी हेही कंसात दिलेले आहे.