गिझरखाली टॉर्च धरणाऱ्यांसाठी नियमावली

गिझरची कॉइल घरच्या घरी बदलली की गिझर गळू लागतो. प्रस्तुत नियमावली कॉइल बदलणाऱ्यासाठी नाही. त्याला सगळं येतं. ती स्टुलाशेजारी टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी, म्हणजे बहुधा बायकोसाठी आहे.

नियम पहिला. मेन स्विच स्वतः जाऊन बंद करावा. ‘केलाय गं’ हे उत्तर ग्राह्य धरू नये.

नियम दुसरा. टाकी रिकामी झाल्याच्या घोषणेवर विश्वास ठेवू नये. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून बाहेर पडतं. त्यामुळे गार पाण्याचा कॉक बंद केला की नळाची धार थांबते आणि १५ लिटर पाणी आत निवांत बसून राहतं. ते गार पाण्याच्या नळीचा जोड सोडूनच काढावं लागतं, गरम नळ उघडा ठेवून. हे मी सांगितलं होतं. ‘टॉर्च नीट धर’ असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ पाणी.

नियम तिसरा. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी पत्र्याच्या आतून हिंडत सगळ्यात खालची जागा गाठतं. खालचं झाकण काढून सगळं कोरडं पुसावं, वीज बंदच ठेवून पाणी सोडावं आणि वर्तमानपत्राचा कपटा एकेका जोडाला लावून पाहावा. बहुतेकदा तो कॉइलच्या तबकडीपाशी भिजतो. तिथलं रबरी गॅस्केट जुनंच परत बसवलंय, हे अर्थातच कोणी कबूल करत नाही. ‘चांगलं आहे की!’ कसलं चांगलं? तापून तापून रबर कडक झालंय, त्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार. नवं आणावं, नमुन्याला जुनं दुकानात न्यावं. टाकीच्या तोंडावरची पांढरी खपली प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावी. स्क्रूड्रायव्हरने आतला लेप उडतो.

नियम चौथा. आमच्या ह्यांचा एकाच उपायावर विश्वास आहे : आणखी आवळणे. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की घरात दुसऱ्या कोणाला लोणचं मिळत नाही. तबकडीचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे असतात. एक बाजू आधीच करकचली की तबकडी तिरकी बसते आणि मग कितीही जोर लावा, गळतेच. हात वाईट नाही हो माणसाचा. वायरी सोडण्याआधी फोटो काढून ठेवतात, तेही न सांगता. पण पान्हा हातात आला की संपलं.

नियम पाचवा. एमसील आणू देऊ नये.

नियम सहावा. गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय आणि वायरींची टोकं वाळल्याशिवाय वीज सुरू करू नये. कोरड्या टाकीत २००० वॉटची नवी कॉइल बघता बघता जळते.

नियम सातवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. ते पडायलाच हवेत : २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं, आणि मागे जायला वाट नसते. तिथे बूच मारलं तर टाकी फुटू शकते. हे शांतपणे समजावून सांगावं. ‘बरोबर आहे’ असं उत्तर येईल. तेवढ्यात पान्हा लपवावा. आमच्याकडे तो तांदळाच्या डब्यात असतो.