लेक वकिलाकडे बसते

एडिसन, न्यू जर्सी
10 ऑगस्ट 2025

ती. आबा आणि माय,

कानबाईच्या उत्सवाचे फोटो मिळाले. रोट तेवढे फोनवरून पाठवता येत नाहीत. "पोरगी रोज कोर्टाच्या कामाला जाते म्हणे, काय करून बसली?" असं मायनं विचारलं होतं. तिकडे सुरतेत लिंबायतभर चर्चा होण्याआधी खुलासा करतो.

चिनूनं काही केलेलं नाही. कॉलेजच्या सुट्टीत ती न्यूअर्कला, बाहेरून आलेल्या लोकांचे खटले लढणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप करते. पगार नाही. रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोरालाही चार पैसे मिळतात, हे मायचं म्हणणं तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, इथं चहासुद्धा आपला आपण करून प्यायचा.

आलेल्या माणसाची हकिगत लिहून घ्यायची, फॉर्म भरायचे, कागदांचं इंग्रजी करायचं, हे तिचं काम. तुमच्या गल्लीत शिकलेलं गुजराती असं कामाला आलं. मेहसाणा, गांधीनगरकडचा माणूस आला की तिलाच हाक मारतात. गल्लीतले काही अस्सल सुरती शब्द मात्र वकीलबाईंसमोर गिळावे लागतात.

तिच्याकडे येणाऱ्यांना आश्रयाचा अर्ज अमेरिकेत आल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. त्याला फी नव्हती. गेल्या महिन्यापासून 100 डॉलर लागली, आणि अर्ज पडून राहिला तर दर वर्षी आणखी 100. म्हणजे सरकारनं उशीर करायचा आणि भाडं अर्जदारानं भरायचं. चोरीच्या खटल्यात तुरुंगाची पाळी आली आणि खिसा रिकामा असला तर इथं सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात तसं नाही. स्वतःचा वकील करा, नाहीतर एकटे उभे राहा. लहान पोरंसुद्धा अशी उभी राहतात. एके दिवशी चिनू घरी आली ती न जेवता झोपली. काय झालं ते सांगितलं नाही. अशिलाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, असा नियम आहे. आपल्या घराण्यात हा नियम पाळणारी ती पहिलीच.

दुसरा नियम मला जास्त जाचतो. ती वकील नाही, म्हणून तिनं कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. "माझ्या ग्रीन कार्डाचं काय होईल गं?" विचारलं की पोळीचा घास मोडत ती म्हणते, "बाबा, मी सल्ला देऊ शकत नाही." माझ्या अर्जाची तारीख 2016 ची. दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं आपली रांग 2013 मध्येच थांबली आहे, भुसावळ पॅसेंजर आउटरला थांबावी तशी. चिनूचा जन्म इथला. पुढच्या मार्चमध्ये ती 21 ची झाली की आईबापासाठी अर्ज करू शकते, आणि आईबापांच्या अर्जांना संख्येची मर्यादा नाही. त्यामुळे सध्या आम्ही दोघं तिच्याशी फार नम्रपणे वागतो. भांडीही मीच घासतो.

आबा, तिनं फोनवर तुमची घेतलेली मुलाखत हा तिचा सराव होता. कधी आलात? बहात्तरच्या दुष्काळात, अमळनेरहून. कोणी आणलं? गावातल्या एकानं, लूमवर लावून देतो म्हणून. नेमणुकीचा कागद? तुम्ही खो खो हसलात. सरहद्दीवर कोणी अडवलं का? तर म्हणे, नवापूरला गाडी थांबली, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तुम्ही गुजरातेतल्या नळावर पाणी पिऊन महाराष्ट्रातल्या डब्यात चढलात. हे तिनं शब्दशः लिहून ऑफिसात वाचून दाखवलं. एका देशात कुठंही जाऊन राहायचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे, हेही तिनंच मला सांगितलं. (तो सल्ला नव्हे, माहिती.) तरी सुरतेचं रेशनकार्ड मिळायला तुम्हाला किती हेलपाटे घालावे लागले, ते ऐकून ती म्हणाली, "आजोबांची केस मजबूत आहे."

गणपतीच्या मीटिंगला एक गृहस्थ म्हणाले, आपण बुवा रीतसर रांगेत उभे राहून आलो, हे आश्रय मागणारे लोक मध्येच घुसतात. चिनूनं विचारलं, "काका, लिंबायतच्या खोलीत एका खाटेवर पाळीपाळीनं झोपणारे माझे आजोबा कुठल्या रांगेत होते?" गृहस्थांनी मोदकांच्या ऑर्डरचा विषय काढला. मला आतून बरं वाटलं, पण वर्गणी मात्र जास्त द्यावी लागली.

आता काम. ग्रीन कार्डाच्या अर्जाला माझा जन्मदाखला लागेल. जुन्यावर नावाच्या जागी नुसतं "मुलगा" आहे. ते इकडे चालणार नाही. मुगलीसराच्या महापालिका कचेरीत नाव घालून नवा काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. जाताना रेशनकार्ड, वीजबिल सगळं बरोबर न्या. तुम्ही पन्नासहून जास्त वर्षं सुरतेत असलात तरी खिडकीवरचा माणूस विचारेलच, मूळ गाव कुठलं?

तुमचा,
बापू