झाकणावरचे काका

बारक्या घराच्या पायाची फक्कीची रेघ जमिनीवर पडली रे पडली, की टाकीवाले काका हजर. त्यांची ओळख करून द्यायला नको. दर गावात आणि दर प्लॉटिंगवर एक तरी असतोच. घर आवास योजनेतले 25 चौरस मीटरचे असो, नाहीतर निवृत्तीनंतर हौसेने दोन गुंठ्यांवर काढलेले असो, ओटा कुठे येणार किंवा खिडकी कुठल्या अंगाला ठेवणार, यात काकांना काडीचा रस नसतो. त्यांचा प्रश्न एकच : "टाकी केवढी काढताय?" मालकाने चाचरत पाच बाय चार म्हटले की काकांचा चेहरा सुतकी होतो. "दहा बाय आठ काढा. नातवंडांना झाकण उघडायला लागू नये." 25 चौरस मीटर म्हणजे जेमतेम 269 चौरस फूट. त्या घरामागे 80 चौरस फुटांची टाकी म्हणजे माणसांनी अडचणीत राहायचे आणि मैल्याने ऐसपैस. पाहुणे आले तर, मुलीचे लग्न निघाले तर, हे काकांचे ठेवणीतले मुद्दे. लग्न मंगल कार्यालयात होणार आणि कार्यालयाला स्वतःची टाकी असते, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

काकांची खरी विद्या झाकण वाजवण्यात आहे. कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी ते मागच्या अंगाला जातात, चपलेच्या टाचेने झाकणावर दोनदा ठोकतात, मान तिरकी करून ऐकतात आणि निकाल देतात, "पोकळ आहे. अजून तीस वर्षं बघायला नको." आता सेप्टिक टाकी ही काही धान्याची कणगी नव्हे. ती वापरात आल्यावर काही दिवसांतच बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि मग कायम भरलेलीच राहते; जेवढे आत येते, तेवढेच पाणी पलीकडून बाहेर पडते. काकांना ऐकू येते ती स्लॅबखाली मुद्दाम मोकळी सोडलेली फूटभर हवा. खाली गाळ गुडघाभर असो की गळ्यापर्यंत, आवाज तोच. हा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. नाही उपसला तर तो पाण्याबरोबर बाहेर पडून पुढचा शोषखड्डा तुंबवतो. टाकीतून निघणारे पाणीही निर्मळ नसते, त्याला पुढे मुरायला जागा द्यावी लागते. म्हणजे टाकीचा खर्च करून खड्डा चुकत नाहीच. यावर उपाय म्हणून काही काका टाकीचा तळच बांधत नाहीत. मग ती भरत नाही हे खरे, पण ती टाकीही उरत नाही. तो नुसता खोल खड्डा, आणि जितका खोल तितका विहिरीच्या पाण्याला जवळचा.

लहान घराला परवडणारी आणि शोभणारी सोय म्हणजे दोन शोषखड्डे. चार फूट रुंद, चार फूट खोल, कडेने जाळीची वीट, तळ मातीचाच, आणि दोहोंच्या आधी एक छोटा चेंबर. त्यातले एक तोंड बंद ठेवायचे. तीव्र उताराचे भांडे आणि खाली पाणी धरून ठेवणारा उथळ कोंबडा असला की दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. पाच माणसांच्या घरात एक खड्डा पाच-सहा वर्षे पुरतो. तो भरला की चेंबरमधले तोंड बदलायचे आणि पहिला वर्ष-दीड वर्ष तसाच झाकून ठेवायचा. निघते ते भुरभुरीत, बिनवासाचे खत. शौचालयाचे सरकारी अनुदान 12,000 रुपये आहे. तेवढ्यात काकांच्या टाकीचा स्लॅबही होत नाही. "वास सुटेल," काका म्हणतात. वायू मातीत जिरतात आणि कोंबड्यातले पाणी वाट अडवते, त्यामुळे वर पाइपही लागत नाही. मात्र न्हाणीचे पाणी त्यात सोडायचे नाही. "विहीर नासेल," हा आक्षेप खरा आहे, म्हणून 10 मीटर अंतर सोडायचे. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, हेही काकांचे बरोबर; तिथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो. कातळावर किंवा पावसात पाणी वर येणाऱ्या जमिनीत मात्र हा हट्ट सोडावा, तिथे बांधीव टाकीच बरी.

पण काकांचा खरा आक्षेप मातीचा नसतोच. "उपसणार कोण?" असे ते आवाज खाली आणून विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे खत नसते, जात असते. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. मापुसकरांनी याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंज घेतली. 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे तत्कालीन स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरून खत काढून आले. आणि काकांची टाकी? तीही उपसावी लागतेच, फक्त काका तेव्हा घरात असतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असल्या टाकीत उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारे आणि टाक्या साफ करताना माणसे मरत राहिली, म्हणून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. नातवंडांना झाकण उघडायला लागू नये, एवढे काका बोलतात. कोणाच्या नातवंडांनी उघडावे, हे त्या वाक्यात गाळलेले असते.

एवढे सुनावल्यावर नाइलाजाने कबूल करायला हवे, की काका नसते तर निम्म्या घरांचे संडास उलट्या उताराचे झाले असते. सकाळी सातला ते स्वतःचा ओळंबा घेऊन येतात, गवंड्याला चुकलेला पाइप पुन्हा उचलायला लावतात आणि चहापलीकडे काही घेत नाहीत. त्यांच्या पिढीने पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन निघणारी आई पाहिली आहे, आणि गाडीचा उजेड पडताच रस्त्याकडेच्या बाया लगबगीने उभ्या राहताना पाहिल्या आहेत. अशा माणसाला मोठी टाकी हीच श्रीमंती वाटली, तर हसताना जरा जपूनच हसावे लागते. दोन खड्ड्यांच्या घरात सहा-सात वर्षांनी पहिले झाकण निघते, तेव्हाही काका येतातच. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, नाकाला रुमाल लावून उभे राहतात. आधी टाचेने दोनदा ठोकतात. मग रुमाल हळूच खाली येतो, वास घेऊन होतो, आणि घरच्या कढीपत्त्यासाठी घमेलाभर मागितलेही जाते. घमेले मात्र दुसऱ्याने भरून द्यायचे.